शाळेले सुट्ट्या लागल्या का

होळी जळाली का माह्या दारात कूलर येऊन उभे राहतेत. कोणी ठेल्यावर आणते, कोणी ऑटोत, कोणी नुसत्या जाळ्या काढून डोक्यावर घेऊन येते. पत्रे गंजलेले, पंख्याची पाती वाकलेली. दवाखान्यात बिमार लोक बसतेत ना, तसे ते भिंतीले टेकून बसतेत आन मी एकेकाची जुनी घास उपसतो. सालभराची धूळ निंघते, वाळलेली पाल निंघते, एखाद्यातून चिमणीचं अख्खं घर निंघते. मंग नवा वाळा पसरवतो, जाळी दाबतो, तारेनं आवळतो, आन वरून एक मग पाणी मारून पाहतो. कोरड्या वाळ्याले पयलं पाणी लागलं का वास सुटते. गिऱ्हाईक म्हणते, "वा माय, जीव थंडा झाला." मी हाव म्हणतो. त्या वासानं मी मान दुसरीकडं फिरवतो.

लगन होऊन नागपुरात आली तवापासून हेच काम. माहा मालक करे, त्याच्या संग बसून मी शिकली. तो गेला, काम राह्यलं. वाळा टोचते, दिसत नाई पण टोचते. बोटाचे ठसे पार घासून गेले. रेशनच्या मशीनवर माहा अंगठा उमटत नाई. दुकानदार म्हणते, "माय, तू आहेस का नाई हेच मशीनले समजून नाई राह्यलं." मी म्हणतो, "मले तरी कुठी समजते बाप्पा."

गुरुवारी मातर मी पाच वाजताच हात धुतो. कितीबी कूलर राह्यले असोत. लोक बडबड करतेत, एवढ्या गर्मीत लेकरं झोपत नाई म्हणतेत. मी ऐकून घेतो, आन एक स्टूल, एक मातीची सुरई आन दोन गिलास घेऊन शाळेच्या गेटावर जाऊन बसतो. शाळा बंद असते. सुट्ट्या लागलेल्या असतेत. तरी बसतो.

काहून बसतो ते सांगतो. मले सरळ सांगता येत नाई. मी तिसरी शिकली, तेबी अर्धी. पण गोष्ट लहान आहे. माहा गजू दारूत गेला. त्याले वाचवाची एक जागा या शहरात होती, माह्या घरून पायी जाता येईन एवढ्या अंतरावर. मी ते शोधून काढली. आन शोधूनबी त्याले तथी नेऊ नाई शकली.

गजू उन्हाळ्यातलाच. चैत्रात झाला. बाळंतपणात मले उकाडा सहन नाई होये म्हणून मालकानं दाराले वाळ्याची ताटी लावली होती, तिले दिवसातून दहा डाव पाणी मारे. ताटीतून हवा आली का पोरगं मुठी उघडे. त्याच्या अंगाले दुधाचा नाई, वाळ्याचा वास ये. मोठा झाला त मोटर-पंप दुरुस्त कराले शिकला, आयटीआय केलं, हिंगण्याले कंपनीत लागला. सकाळी कंपनीची बस नाक्यावर ये. डबा घेऊन तो गल्लीतून निंघे तवा मी वाळा साफ करता करता त्याची पाठ पाहो. कडक इस्त्रीचा शर्ट. मले वाटे, झालं, आपले दिवस फिरले.

दारू कवा लागली ते आईले समजत नाई. लागली तवा समजत नाई, लागल्यावर समजते. पयले पगाराच्या दिवशी. मंग सुट्टीच्या दिवशी. मंग बस सुटाले लागली. मंग कंपनीच सुटली. त्याच्या बाईनं, सुनीतानं, सहा वर्षं काढले. ते रडत नव्हती, भांडत नव्हती. एका दिवशी पोरीले घेऊन नरखेडकडं माहेरी गेली. जाता जाता माह्या पाया पडली आन म्हणे, "आत्याबाई, तुमच्याच्यानं होईन त पाहा. माह्याच्यानं नाई झालं." तिथं ते संत्र्याच्या बगीच्यात कामाले जाते. मी तिले एक शब्द नाई बोलली. काय बोलाचं? मीच तिच्या जागी असती त पाचव्या वर्षीच गेली असती.

उन्हाळा त्याचा सगळ्यात वाईट. लोकायचे कूलर मी भरो, मोटर तो जोडून दे. उन्हातून घामाघूम होऊन कोणाच्या घरी गेला का काम झाल्यावर घरवाला म्हणे, "घे गा गजाभाऊ, थकला असशीन," आन पव्वा पुढं करे. लोक वाईट नव्हते. त्यायले ते प्रेमच वाटे. पन्हं देल्लं असतं त बी त्यानं घेतलं असतं. पण पन्हं कोणी नाई देल्लं.

मी काय काय नाई केलं. एका बाबाकडून पुडी आणली, जेवणात चोरून घालाची. वरणात घातली. तीन दिवस पोरगं ओकलं, पिवळं पडलं. चवथ्या दिवशी उठून भट्टीवर गेलं. आमच्या इकडं देशी दारूच्या दुकानाले भट्टी म्हणतेत. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्याले लावली. तेबी घेतली त्यानं, रडत रडत घेतली. शपथ त्याची खरीच राहे, मले माहीत आहे. पण सकाळ झाली का हात कापत आन त्या हातायले शपथ आठवत नसे. ती पुडी मी त्याच्या वरणात घातली, हे त्याले मी कवा सांगतलं नाई. सांगाले पाहिजे होतं. आता ते माह्याजवळच राह्यलं.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मले पयल्यांदा सांगतलं. म्हणे, "माय, औषधानं एकट्यानं होत नाई. दारू सोडलेल्या लोकायची मीटिंग असते, फुकट असते, शोधा." कुठी असते ते तिलेबी पक्कं माहीत नव्हतं. मंग मी शोधत फिरली. तुम्ही म्हणसान, मोबाईलवर पाहाचं. माह्या मोबाईलवर मी हिरवं बटन दाबतो आन लाल बटन दाबतो, त्याच्या पुढं मले येत नाई. मी माणसायले विचारलं. दळणाच्या चक्कीवर विचारलं, रेशनवर विचारलं, विहारात वंदनेनंतर बायायले विचारलं. लोक मान हलवत आन दुसरीकडं पाहत. पानठेल्यावर विचारलं त तो हसाले लागला. म्हणे, "दारू प्याची मीटिंग पाहिजे त सांग माय, ते रोज आहे. भट्टीसमोर. टायमाची बी झंझट नाई." चार माणसं हसली. मीबी हसली. हसाले काय जाते? घरी येऊन वाळा सोडत बसली.

मंग वामनभाऊ भेटले. बेसा म्हणून भाग आहे, तिकडं नव्या इमारतीत एका घरचे दोन मोठे कूलर होते, ते आणता येत नव्हते म्हणून आम्ही मायलेक तथी गेलो. त्या घरचे वामनभाऊ म्हणजे म्हातारा माणूस, पयले एसटीवर ड्रायव्हर होते. गजूचा हात एवढा कापून राह्यला होता का पेचकस स्क्रूवर टिकेना. मले वाटलं, आता हा माणूस हाकलून देईन. त्यायनं पेचकस त्याच्या हातातून हळूच घेतला, स्वतः स्क्रू बसवला, आतून लिंबू-साखरेचं पाणी आणून देल्लं. गजू खाली पाहून पेत होता. वामनभाऊ म्हणे, "हात किती दिवसापासून कापतेत गा? माहे अकरा वर्षं कापले. याच हातानं गाडी चालवत होतो मी, लोक बसवून." असं म्हटलं, जसं कोणी म्हणते का मले शुगर आहे.

गजू खाली कूलरची टाकी धुवाले गेला तवा त्यायनं मले सांगतलं. दर गुरुवारी, सात वाजता. शाळेचं नाव सांगतलं. मी पाहतच राहिली. ते आमच्याच वस्तीमागची शाळा. गजू चवथीलोग त्याच शाळेत शिकला! म्हणे, "तीन नंबरची खोली. कोणी नाव विचारत नाई, जात विचारत नाई, पैसे घेत नाई. तथी ऐकलेलं तथंच राहते. आन माय, एक ध्यानात ठेवा, गाजावाजा करू नका. माणूस आपल्या पायानं आला पाहिजे." फोन नंबर लिहून देल्ला. मी पदराच्या गाठीत बांधला. दिवसभर ओल्या वाळ्यात काम. संध्याकाळी गाठ सोडली त कागदाचा लगदा. मले वाईट नाई वाटलं. दिवस माहीत, टाईम माहीत, खोली माहीत. नंबर कायले पाहिजे?

त्या गुरुवारी मी एकटीच जाऊन पाहून आली. तवा शाळा चालू होती, वार्षिक परीक्षेचे दिवस होते. फळ्यावर कोण्या मास्तरचं गणित तसंच होतं. खिडकीतून पाह्यलं त मोठमोठे माणसं पोरायच्या बाकावर बसलेले. गुडघे छातीलोग आलेले. एक बोलत होता, बाकीचे ऐकत होते. कोणी कोणाले अडवत नव्हतं. मले आतलं ऐकू आलं नाई. पण एवढे माणसं एका खोलीत, आन कोणी ओरडून नाई राह्यलं, हे मी पयल्यांदा पाह्यलं. त्यायच्यात एक असा बी होता ज्याले मी मीटिंगचं विचारलं होतं आन त्यानं मले "मले काय माहीत" म्हटलं होतं. कोण ते नाई सांगत. तथलं तथंच राह्यलं पाहिजे.

गजूले तयार कराले मले पाच गुरुवार लागले. रोज सांगून चालत नाई. तो सुदीवर असे तवाच सांगाचं, आन तसा वेळ दिवसात अर्धा घंटा. कवा म्हणे, "मले काय झालं?" कवा म्हणे, "तूच जाय." पाचव्या डावाले उन्हं तापले होते, अंगणात चपलेशिवाय पाय टेकत नव्हता. मी म्हटलं, "आज गुरुवार आहे गजू. सातलोग पेऊ नको. सात वाजल्यावर तुह्या मनानं कर." तो लय वेळ कूलरच्या पंख्याकडं पाहत बसला. मंग म्हणे, "चाल. पाहू तुही मीटिंग."

तो दिवस मी विसरत नाई. दिवसभर पोरगं खाटेवर बसून होतं. मठ्ठा पेलं, ओकलं. निंबूपाणी पेलं, ओकलं. भर उन्हात त्याले थंडी वाजत होती. पाच वाजता उठून दाढी केली, दोन जागी कापलं. पांढरा शर्ट काढला, कंपनीतला. बटना लागेनात. मी लावून देल्ल्या, खालून वर. चाळीस वर्षाच्या माणसाच्या बटना लावून देल्ल्या मी. तो माह्या डोक्यावरून दाराबाहेर पाहत होता. मले तवा आनंदच झाला होता.

निंघालो त मी त्याचं मनगट धरलं. वाटलं, सोडलं त पळून जाईन. ऊन उतरत होतं तरी रस्त्यातून वाफ निंघत होती. गल्लीत लोक ओट्यावर पाणी मारून बसले होते. एकानं पाह्यलं, म्हणे, "काय गा गजाभाऊ, माय शाळेत नाव टाकाले नेऊन राहिली का?"

सारे हसले. मलेबी हौस. मीबी मोठ्यानं म्हटलं, "हाव! दारू सोडाच्या शाळेत! पाहाच आता तुम्ही माह्या पोराले!"

असं मी भर गल्लीत म्हटलं. गर्वानं म्हटलं. वामनभाऊनं सांगतलेलं माह्या डोक्यातच नव्हतं. माह्या हातातलं मनगट त्या टायमाले ढिलं पडलं. ओढून घेतलं नाई त्यानं. ढिलं पडलं. आतून कोणी निंघून जावं आन कपडा हातात राहावा तसं. ते मी आता सांगून राहिली. तवा मी पुढं पाहून चालत होती.

शाळेच्या गेटाले साखळी आन कुलूप. आत गुलमोहर सारा फुललेला, खाली लाल सडा, तो झाडून काढाले कोणी नाई. मले काही समजेना. गुरुवार आहे, सात वाजून राह्यले, मंग माणसं कुठी? गेटावर एक कागद चिकटवला होता. चष्मा मी घरी ठेवला होता. असता तरी मले एकेक अक्षर जोडाले वक्त लागते आन कागद उंचावर होता. गजू त्या कागदापुढं जाऊन उभा राह्यला.

"काय लिवलं आहे गा?"

तो कागदाकडंच पाहत राह्यला.

"गजू, काय लिवलं आहे?"

"सुट्ट्यायचं लिवलं आहे," म्हणे. "शाळा बंद."

मी साखळी वाजवली. गोटा उचलून गेटावर हाणला. चौकीदार नव्हता. कोणी आलं नाई. गजू हसला. त्या दिवसातून पयल्यांदाच हसला. म्हणे, "राहू दे वं माय. दारुड्यायलेबी उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतेत."

वापस येताना मी मनगट धरलं नाई. आता कायले धरू? भट्टीच्या मोडावर म्हणे, "तू हो समोर. मी आलोच." मी समोर झाली. मले माहीत होतं तो कुठी चालला. सातलोगचं बोलणं होतं, सात वाजून गेले होते. त्यानं त्याचं बोलणं पाळलं होतं.

नवतपा लागला. नवतप्याच्या नऊ दिवसात आमच्या इकडं चिमणीबी दुपारी बाहेर निंघत नाई. माह्या दारात पंधरा-वीस कूलर, मले मान वर कराले फुरसत नाई. त्यातल्या गुरुवारी सकाळीच गजू आंघोळ करून आला. मी काही म्हटलं नव्हतं. तोच पांढरा शर्ट, मी धुवून ठेवलेला. बटना त्यानं स्वतः लावल्या होत्या, एक खालीवर झाली होती. सुरईतून गिलासभर पाणी पेला.

"कुठी जाऊन राहिला?"

"येतो."

मी पुढचं विचारलं नाई. हातात तार होती, सोडली असती त सारा वाळा निसटला असता. मी तार आवळत राहिली.

चार वाजता एक जण सांगत आला, गजाभाऊ पाण्याच्या टाकीजवळ बसला आहे, बोलत नाई. मी धावली. टाकीच्या भिंतीले टेकून बसला होता. त्या भिंतीले सकाळी सावली असते, दुपारून सावली सरकते. तो सरकला नव्हता. हात लावला त अंग तव्यासारखं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, ऊन लागलं. सूर्य बुडायच्या आत सारं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी भट्टीवाला घरी येऊन बसला. म्हणे, "माय, लेकराच्या गळ्याची शपथ, त्या दिवशी तो माह्याकडं आलाच नव्हता." मले वाटलं, हा आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बोलून राह्यला. मी त्याले पाणी देल्लं आन जाऊ देल्लं.

तेरवी झाल्यावर वामनभाऊ आले. कोणाकडून तरी त्यायले समजलं. चहा ठेवला. मी सहज विचारलं, काही मनात नव्हतं माह्या, "भाऊ, सुट्ट्यायत तुमची मीटिंग बंद असते न?"

"बंद नाई माय. दारूले कुठी सुट्टी आहे? शाळा बंद झाली का आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या हॉलात बसतो. दर वर्षी गेटावर कागद लावतो ना आम्ही. मीच लिहितो. मोठ्या अक्षरात लिहितो, टाईम, जागा, सारं. बाण काढतो."

चहावर साय धरली. गजू त्या कागदापुढं उभा राह्यला होता, हे मी वामनभाऊले सांगतलं नाई. त्यायच्या हातानं लिवलं होतं, त्यायले काय म्हणू? म्हणून काय झालं असतं?

मी शाळेत गेली. कागद होता अजून. उन्हानं पिवळा पडला होता, एक कोपरा उचलला होता. चष्मा लावून, टाचा उचलून, मी एकेक अक्षर जोडलं. अर्धा घंटा लागला. टा-की. मा-गे. खाली बाण होता. बाण वाचाले त शाळाबी लागत नाई.

गजूनं ते वाचलं होतं का? आयटीआय शिकलेला माणूस. वाचलं असंन. मंग सांगतलं काहून नाई? आन टाकीजवळ काहून बसला? सावलीले बसला, का मीटिंगले निघाला होता आन टायमाच्या लय आधी निघाला, काहून का घरून निंघाचं त भट्टी उघडाच्या आधीच निंघाव लागते? कोणाले विचारू? वाळा भरता भरता मी हेच चिवडत बसतो. एक उत्तर मले समजते, ते मले आवडत नाई. तो मीटिंगले गेला असता. माह्या हातात हात देऊन गेला नसता. लहानपणी याच शाळेत मी त्याले मनगट धरून नेलं होतं, रडत होता तो, गेटाची सळई सोडत नव्हता. तवा मी ओढलं ते बरोबर होतं. दुसऱ्या डावाले ओढलं ते चूक झालं. आईले कोण सांगते का आता धराचं नाई?

मंग एका गुरुवारी मीच टाकीमागच्या हॉलात गेली. दाराशी बसली. एकानं विचारलं, "माय, तुम्ही?" मी म्हटलं, "मी पेत नाई. माहा पोरगा पे." ते म्हणे, घरच्या लोकायची मीटिंग वेगळी असते, तिकडं या. मी म्हटलं, येईन. एकदा गेलीबी. तथल्या बाया चांगल्या आहेत. एक हमसून रडली, मले रडू आलं नाई, मी तिची पाठ चोळत बसली. पण माहं काम मले दुसरं दिसत होतं. वामनभाऊले म्हटलं, "तुमचा कागद राहू द्या. पण सुट्ट्यायत गुरुवारी गेटावर मी बसतो." त्यायनं माह्या हाताकडं पाहून मान हलवली. चार उन्हाळे झाले.

कोणी येते, कोणी येत नाई. दोन-दोन गुरुवार कोणीच येत नाई. मी बसतो. गुलमोहराच्या पाकळ्या सुरईवर पडतेत, पांढऱ्या हॉफपँटीतला एखादा म्हातारा फिरून जाते, गाय येते, पाणी मागते. समोरच्या भिंतीतलं ऊन सात वाजून गेल्यावरबी अंगाले लागते. शाळेकडून खडूचा वास येते. सुट्टी असली तरी येते. तीन नंबरच्या खोलीची खिडकी दिसते. त्या खोलीत गजू तिसरीत बसे. मीटिंगवाले त्याच बाकावर बसतेत. तो बसला असता त त्याचेबी गुडघे छातीलोग आले असते.

आता मागच्या गुरुवारची गोष्ट. साडेसहा झाले असतीन. एक माणूस मोटरसायकलवर आला. पाठीवर कंपनीची बॅग, हिंगण्याकडच्या पोरायजवळ असते तसली. गाडी दूर उभी केली, हेल्मेट काढलं नाई. मी स्टुलावर बसून होती, पण म्हातारीकडं कोण पाहते? तो सरळ कागदापुढं गेला. मले बाजूनं त्याचे डोळे दिसत होते, काचेच्या आत. डोळे वरच्या ओळीवर गेले. दुसऱ्या ओळीवर गेले. खाली आले. बाणावर थांबले. लय वेळ थांबले.

मंग तो स्वतःशीच म्हणे, पण मले ऐकू येईन असा, "बंद दिसते."

तोच आवाज. तसाच. चार वर्षं जे विचारत होती ते त्या माणसानं मले दाखवून देल्लं. वाचलेला माणूस असा उभा राहते. वाचलेला माणूस असं म्हणते.

माहा हात उचलला होता. खरं सांगतो, त्याच्या मनगटाकडं उचलला होता. मी तो सुरईकडं नेला. गिलास भरला.

"पाणी पेऊन घे बाबू. ऊन लय आहे."

त्यानं तवा मले पाह्यलं. हेल्मेट वर केलं. गिलास घेतला. गिलासातलं पाणी हलत होतं. मी गुलमोहराकडं पाहाले लागली.

"तुम्ही कोण, मावशी?"

"मी? कूलरवाली." मंग म्हटलं, "टाकीमागच्या हॉलातबी माहेच कूलर लागलेले आहेत. नवा वाळा आहे औंदा. थंडं आहे तथी."

त्यानं गिलास स्टुलापाशी ठेवला, नीट ठेवला. मी त्याचं नाव विचारलं नाई. गाडीकडं गेला. शाळेच्या गेटातून निंघालं का डाव्या हाताले टाकी, उजव्या हाताले भट्टीचा मोड. मी स्टूल फिरवलं आन गेटाकडं तोंड करून बसली, रस्त्याकडं पाठ केली. गाडी सुरू झाली.

डोळ्यायले पाठ करता येते, कानाले येत नाई. आवाज कोणीकडून लहान होत जाते ते कानाले बरोबर समजते. म्हणून मी सुरई वाकडी केली आन पाण्याचा आवाज करत त्याचा गिलास इसळाले घेतला. लय वेळ इसळला.